अण्णा, तुझा वस्तरा

अण्णा, आधी वाईट बातमी सांगतो. तुझ्या वस्तऱ्याला पुन्हा गंज धरायला लागलाय. परवा तुझ्या दहाव्याला दुधनेच्या काठी तो वापरला गेला आणि किसन वारकानं ओलाच मिटून माझ्या हातात दिला. पुसायचं कुणाला सुचलं नाही. तू असतास तर आम्हा सगळ्यांना उन्हात ताटकळत ठेवून आधी पातं पुसलं असतंस. आज सकाळी उघडून बघितला तर मुठीजवळ नखाएवढा तांबडा डाग. करडईचं तेल लावून ठेवलंय. जास्त झालं की कमी, मला कळत नाही. वहिनीला विचारलं, तर त्या म्हणाल्या, "मला काय इचारता भाऊजी? त्या अवदसेला मला हात तरी लावू देत व्हते का ते?"

तेराव्यापर्यंत मी इथंच आहे. मग अंबडला कचेरीत परत जाईन. तोवर तुझ्याशी बोलून घेतो, कारण तिथं गेल्यावर दिवसभर उर्दू लिहायची आणि संध्याकाळी मान दुखते म्हणून पडायचं, एवढंच होतं. आणि तुला सांगण्यासारखं आहे ते मुख्यतः बापूंचं. तू गेलास त्या दिवसापासून ते जेवत नव्हते. ताट समोर आलं की सरकवायचे आणि एकच म्हणायचे, "म्या त्याचं आयुष्य खाल्लं. आता वरून भाकर कशाला?" त्या माणसानं हाय खाल्ली होती, अण्णा. तुझ्या मागोमाग बापूही जातात, असं मी मनात धरून चाललो होतो.

ते असं का म्हणत होते, ते तुला बरोबर कळलं असेल. मिशीची ती भानगड. ती तुला पाठ आहे, पण तुझ्या बाजूनं. आज मी माझ्या बाजूनं सांगणार आहे. मध्ये बोलू नकोस. तसाही तू जिथं बोलायला हवं तिथं जन्मभर गप्पच बसलास.

त्या साली तू जालन्याला गिरणीत कापूस घालून आलास. वहिनीनं लुगडं सांगितलं होतं. तू आणलास वस्तरा. छावणीजवळच्या जुन्या सामानवाल्याकडं घेतला म्हणालास, कुण्या गोऱ्या साहेबाचा असणार. चिंधी सोडलीस तर आत गंजाचा एक तुकडा. पातं मुठीला असं चिकटलेलं की उघडेना. त्यावर विलायती अक्षरं होती, ती आपल्या घरात कुणालाच वाचता येईनात. बापू ओट्यावर बसलेले.

"हे काय आणलं?"

"वस्तरा हाये."

"कुणाचा?"

"साहेबाचा."

"मंग घरात कोणता साहेब हाये, ज्याची दाढी करायची?"

तू चिंधी पुन्हा गुंडाळलीस. शेतकऱ्याच्या घरात वस्तरा कशाला असतो? किसन वारीक आठवड्याला धोकटी घेऊन यायचा, ओट्यावर बसून सगळ्यांच्या दाढ्या करायचा, गावाच्या बातम्या सांगायचा आणि सुगीला आपल्या खळ्यावरून धान्य घेऊन जायचा. बापूंचं म्हणणं साधं होतं. वारकाचं काम वारकानं करावं, कुणब्यानं नांगर धरावा. पण तुला दाढी करायचीच नव्हती. तुला ते जे गंजलेलं होतं ते नीट करायचं होतं. हे मला फार उशिरा कळलं, बापूंना त्याहून उशिरा.

तेव्हा मी जुम्म्याच्या सुट्टीला गावी यायचो. दर खेपेला तू लिंबाखाली मांडी घालून बसलेला, पुढ्यात राख, चिंच, घासलेटाची वाटी. बैल दावणीला हंबरतायत आणि तू पात्यावर वाकलेला.

"काय करून राह्यला, अण्णा?"

"बघून राह्यलो."

"काय?"

"जंगाच्या खाली पोलाद हाये का न्हाई ते."

शिकवणारं कुणी नव्हतं, त्यामुळं सगळ्या चुका तू स्वतःच्या हातानं केल्यास. चिंच तांब्यापितळेला चांगली, म्हणून पातं चिंचेच्या कोळात घालून ठेवलंस आणि ते काळंठिक्कर निघालं. शिंगाची मूठ स्वच्छ करायची म्हणून उकळत्या पाण्यात बुडवलीस, ती कुत्र्याच्या शेपटासारखी वाकली. धार लावायला घेतलास विळे-खुरपी घासायचा दगड. मग त्या पात्याला असे दाते पडले की वहिनी म्हणाल्या, "आता ह्यानं ऊस कापा." मी पोट धरून हसलो. तू हसला नाहीस. दुसऱ्या दिवशी नदीवर जाऊन एक काळा गुळगुळीत गोटा शोधून आणलास आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलंस.

खरं सांगायचं तर तुझ्यात एवढा धीर आहे हे मला माहीत नव्हतं. औत ओढताना बैल जरा थांबला की तू आभाळ डोक्यावर घ्यायचास. मला लहानपणी बाराखडी येईना तर पाटी फेकून दिली होतीस. आणि इथं एका मेल्या साहेबाच्या वस्तऱ्यापुढं तू महिनोन्‌महिने बसत होतास, विटेची भुकटी तेलात कालवून, बोटाच्या टोकानं, एकाच दिशेनं घासत. मूठ नवी केलीस ती बाभळीची. चामडं हवं म्हणून सर्जा बैलाच्या गळ्यातला घुंगराचा पट्टा सोडवलास, घुंगरं काढलीस आणि पट्टा खुंटीला बांधून त्यावर पातं पालथं-उताणं घासायला लागलास. त्या पोळ्याला आपला सर्जा घुंगरांशिवाय मिरवला. गावात आपलंच एक जनावर मुकं. बापू त्या दिवशी पुरणपोळी न खाता उठले.

पण वस्तरा झाला, हे मान्य करायला हवं. किसननं अंगठ्यावर घेऊन बघितला आणि म्हणाला, "बरा हाये, अण्णा. पण तोंडाला लावू नका. दुसऱ्याची दाढी निराळी, आपली निराळी. आरशात डावं-उजवं उलटं दिसतं." तू मान हलवलीस. ते ऐकलं असतंस तर मला आज सांगायला काही उरलंच नसतं.

पुढचं आपल्याकडच्या माणसाला समजावून सांगायला नको. बाप जिवंत आहे तोवर पोराच्या मिशीला वस्तरा लागत नाही. मिशी उतरली म्हणजे बाप गेला. त्याला दवंडी लागत नाही. उघडा ओठ घेऊन माणूस वेशीतून आत आला की बाया पदर डोळ्याला लावतात.

बापू तेव्हा चार दिवस अक्काच्या सासरी, मंठ्याच्या पलीकडं गेलेले. बाजारचा दिवस. तू सकाळी परसात आरसा लिंबाला अडकवलास, साबण फासलास आणि फक्त गालावर म्हणून वस्तरा चालवलास. डावी मिशी अर्धी गेली. तुझं म्हणणं, कोंबडा ओरडला म्हणून हात हलला. वहिनीचं म्हणणं, कोंबडा आदल्याच दिवशी कापून खाल्ला होता. काही असो. अर्धी मिशी घेऊन माणूस कुठं जाणार? तू उरलेलीही काढलीस, उपरणं तोंडाला गुंडाळलंस आणि मागल्या दारानं वावरात पळालास. वहिनीलासुद्धा सांगितलं नाहीस.

पाणी प्यायला विहिरीवर उपरणं सोडलंस, ते शेजारच्या गिरजाकाकूनं बघितलं. थोरल्याची मिशी नाही आणि बापू गावात नाहीत. बाकीचं तिचं तिनं जुळवलं. गावातल्या चुली विझल्या. बाजाराला जुंपलेल्या गाड्या सुटल्या. बाया येऊन वहिनीच्या गळ्यात पडल्या, आणि तुला वावरातच सांगावा आला असेल असं समजून वहिनींनीही हंबरडा फोडला. चारदोन शहाणी माणसं वावरात तुझ्याजवळ गेली. कुणी पाठीवर हात ठेवला. तू मान खाली घातलीस. अण्णा, तू मान खाली घातलीस! तेवढ्या वेळात नुसतं "बापू जित्ते हायेत" म्हणाला असतास तरी भागलं असतं. तुला लाज वाटत होती आणि गाव त्याला दुःख समजत होतं. लोक म्हणाले, थोरल्याला बोलवत पण न्हाई.

मला अंबडला सांगावा आला तेव्हा मी फायलीवर वाकलेलो. आमचे पेशकार म्हातारे, फार दयाळू माणूस. "अरे मियाँ, बैठे क्या हो? जल्दी घर जाव," म्हणाले आणि स्वतःच्या हातानं माझी दौत झाकली. निरोप आणणाऱ्यानं सांगितलं, "अण्णानं काढली बी." थोरल्यानं काढली म्हणजे संशयाला जागा कुठं राहिली? कचेरीपुढं झाडाखाली न्हावी बसायचा. मी त्याच्यासमोर मांडी घातली. नुकतीच कुठं नीट फुटलेली माझी मिशी, जिच्यावर मी रोज खोबरेल चोळायचो, ती तिथं धुळीत पडली. मग उधार घेतलेल्या सायकलवर रडत गावी आलो. वाटेत बापूंचं सगळं आठवलं. त्यांना कधी नीट "बापू" म्हणून जवळ बसून बोललो नाही, ते आठवलं.

ऊन उतरलं तेव्हा वेशीत गाडी आली. धुरेवर बापू. आपलं घर माणसांनी भरलेलं, दारात बाया रडतायत, एकाही घरातून धूर नाही. बापू उडी टाकून खाली उतरले, चेहरा पांढरा पडलेला.

"कोण गेलं?"

सगळं गाव मयताकडंच बघत होतं आणि मयत विचारत होतं. तेवढ्यात त्यांना मी दिसलो, उघड्या ओठाचा. मग वावराच्या वाटेनं तू आलास, उपरणं हातात, तसाच उघडा. बापूंनी तुझ्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. त्यांना समजायला वेळ लागला नाही.

"आताच काढून बसलात," ते म्हणाले. "मंग मी मेल्यावर काय काढताल?"

आणि वहिनीकडं वळून, "चूल पेटव, पोरी. मेलेल्याला भूक लागली."

गाव जे हसत सुटलं ते आजपर्यंत. गिरजाकाकूनं स्वतःच्या चुकीवर पांघरूण घालायला साखर वाटली. ज्याच्या मरणाची आवई उठते त्याचं आयुष्य वाढतं, असं ती घरोघर सांगत फिरली. सगळ्यांना ते पटलं. बापूंनाही पटलं असावं, कारण साखर त्यांनी खाल्ली. त्या दिवसापासून पंचक्रोशीत त्यांना रामराम करायची तीच रीत झाली. बैलांचा व्यापारी असो की सोयरा, लांबूनच ओरडायचा, "बापू, कोण गेलं?" आणि बापू मिशीवर बोट फिरवून सांगायचे, "मीच गेल्तो. आलो माघारी." शंभर वेळा ऐकलं असेल. दर वेळी ते स्वतःच आधी हसायचे.

वस्तऱ्याला मात्र त्यांनी माफ केलं नाही. त्याच संध्याकाळी तो तुझ्या हातानं आढ्याला खोचायला लावला. "मी हाये तवर तुमच्या मिशीला पातं लागलं न्हाई पायजे, बिलकुल न्हाई," म्हणाले.

आपल्या दोघांचं भांडण तिथून सुरू झालं आणि ते कधी मिटलंच नाही. मी म्हणायचो, तू बोलला असतास तर माझी मिशी वाचली असती. तू म्हणायचास, "तू इचारलं असतंस तर? निरोप्याचं ऐकून कामून बसला न्हाव्यापुढं? आधी बापाला बघायचं, मंग रडायचं." मी म्हणायचो, मेलेल्या बापाला काय विचारायचं? तू म्हणायचास, मला इचारायचं. मी म्हणायचो, तू काय सांगणार होतास, मान खाली घालून? दिवाळीला हेच, संक्रांतीला हेच. माझ्या लग्नाच्या पंगतीतही हेच. मागच्या पाडव्याला तू उठताना म्हणालास, "थांब, ह्याचा जवाब मपल्याकडं हाये, पुढल्या खेपेला सांगतो." काय जवाब होता रे? की नुसतंच मला टांगून ठेवायचं होतं? तुझा भरवसा नाही.

वस्तरा आढ्याला फार काळ राहिला नाही, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. बापू वावरात गेले की तू तो खाली काढायचास, पट्ट्यावर घासायचास, तेल लावून पुन्हा खोचायचास. तोंडाला परत कधी लावला नाहीस. मी एकदा विचारलं होतं, वापरायचा नाही तर धार कशाला ठेवतोस? तू म्हणालास, "वापरायला न्हाई रे. बिघडलेलं नीट करता येतं, एवढं ध्यानात ऱ्हावं म्हणून." मी त्यावर काहीतरी टवाळी केली होती. काय केली ते आता आठवत नाही, बरं झालं.

वहिनींनी परवा एक सांगितलं. बापू वावरातून परत यायचे ते वेशीपासूनच खाकरत यायचे. दारात आल्यावर पुन्हा एकदा मोठ्यानं. आम्हाला वाटायचं, म्हाताऱ्याचा घसा. वहिनी म्हणाल्या, "घसा कायचा, भाऊजी? ह्यास्नी वस्तरा लपवायला येळ मिळावा म्हणून. मला पहिल्याच दिवशी कळलं व्हतं." तुला कळलं होतं का, अण्णा? एवढी वर्षं तू लपवत होतास आणि ते तुला लपवू देत होते, आणि दोघांपैकी एकानंही तोंड उघडलं नाही. तुझं गप्प बसणं कुणावर गेलं होतं ते मला आत्ता समजलं.

तुझ्या आजारपणाचं सांगत बसत नाही, ते तू आतून बघितलंस. ताप आला आणि उतरला नाही. तुला बाहेर ओट्याखाली ठेवलं तेव्हा तुझी मिशी पुरती होती, कडेला पांढरी व्हायला लागलेली. बापू तिच्याकडंच बघत बसले. रडले नाहीत. मग कुणाशीच नाही असं म्हणाले, "मपल्या नावाची आवई उठली, मपलं आयुष्य वाढलं. वाढलं ते आलं कुठून?"

तिथून ते अडकले ते अडकलेच. मी समजावलं. म्हणालो, आयुष्य म्हणजे काय पाटाचं पाणी आहे का बापू, इकडचा बांध फोडून तिकडं न्यायला? ते म्हणाले, "तू कचेरीतला. तुला रानातलं काय ठावं?" अक्का येऊन घास भरवायला बसली, तिच्याकडं बघितलं नाही. शेवटी गिरजाकाकू आली. म्हातारी आता कमरेत वाकलीय. उंबऱ्यात बसून रडत म्हणाली, "बापू, म्या मपल्या अब्रूपायी बोलले व्हते वो. त्या बोलण्यात काही न्हाई." बापू म्हणाले, "तवा तर साखर वाटली तू. म्या खाल्ली बी." ती पदरानं डोळे पुसत गेली.

मला तेव्हा तुझा राग आला. आला हे सांगतो, लपवत नाही. आयुष्यभर हेच केलंस. स्वतः मान खाली घालून बसायचं आणि बाकीच्यांनी घोळ निस्तरायचा. ह्या वेळी तर मान वर करून "बापू, तुमचा काही दोष न्हाई" म्हणायलाही जागेवर नव्हतास. आणि त्यांना दुसऱ्या कुणाचं ऐकायचं नव्हतं.

दहाव्याला नदीवर गेलो. तुला मुलीच, म्हणून अग्नी मी दिलेला. क्रियेला मीच बसलेलो. बापूंना कुणी आणलं नव्हतं, ते आपणहून काठी टेकत आले आणि लांब बाभळीखाली बसले. किसननं माझी डोई केली. हात ओठापाशी आला आणि थांबला. त्यानं भटजींकडं बघितलं. भटजी म्हणाले, क्रियेला बसलाय, काढली तरी दोष नाही. किसननं मग बापूंकडं बघितलं. काठावरचं सगळं गाव बापूंकडं बघायला लागलं. बाप समोर बसलेला असताना पोराची मिशी काढायची, तीही ह्या घरातली. कुणाच्या मनात काय आलं ते सांगायला नको.

बापू उठले. पाण्यापर्यंत आले.

"थांब, किसन. धाकट्याची ऱ्हाऊ दे. मी हाये अजून."

तू गेल्यापासून ते आपण आहोत असं पहिल्यांदाच बोलले. मी मान वर केली. त्यांनी उपरण्याची गाठ सोडली. आत तुझा वस्तरा. आढ्यावरून कधी काढला, कसा काढला, कुणाला माहीत नाही. त्यांनी तो किसनच्या हातात दिला आणि माझ्या शेजारच्या धोंड्यावर बसले.

"मपली काढ. ह्यानं काढ."

किसन दचकला. "बापू, लेकासाठी बापानं काढायची रीत न्हाई."

"जित्त्या बापासाठी लेकानं काढायची तरी कुठं रीत व्हती? त्यानं काढली का न्हाई?"

कुणीतरी हसलं. आजूबाजूला बघितलं तर सगळे माझ्याकडं बघत होते. मीच हसलो होतो, अण्णा. तुझ्या दहाव्याला, नदीच्या काठावर, ओल्या धोतरात, भादरलेल्या डोक्यानं. आणि मग जे रडू आलं ते थांबेना. तू गेल्यापासून मी सगळं व्यवस्थित केलं होतं, लाकडं, भटजी, पाहुणे, सगळ्यांचं जेवण. रडायचं तेवढं राहिलं होतं. ते तिथं झालं.

धार कशी होती, हे तुला ऐकायचं असणार. सांगतो. किसननं पातं उघडून उन्हात धरलं, आपला पट्टा काढायला धोकटीत हात घातला आणि तसाच परत काढला. गरज नव्हती. बापूंची मिशी तुला माहीत आहे, केवढी आणि कसली राठ. मी तिच्याशिवाय त्यांना कधी बघितलं नव्हतं. ती एका बाजूनं गेली, दुसऱ्या बाजूनं गेली. रक्ताचा थेंब नाही. बापूंनी पापणी हलवली नाही. पाण्यात वाकून बघितलं, ओठावरून बोट फिरवलं, त्या उघड्या ओठाकडं बघत म्हणाले, "बराबर बसला व्हता त्याचा हात."

हे ऐकायला तू हवा होतास. दुसऱ्या कशासाठी नको, एवढ्यासाठी हवा होतास.

पिंडाला कावळा लगेच शिवला. तुला कशाची घाई होती कोण जाणे. घरी आल्यावर वहिनींनी भीतभीत ताट ठेवलं. बापूंनी सरकवलं नाही. अर्धी भाकर खाल्ली, थोडं कालवण घेतलं. उघड्या ओठानं ते कुणी दुसरेच दिसत होते. वहिनी स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून बसल्या. मी काही बोललो नाही. ह्या घरात राहून मलाही तेवढं आलंय.

मग आज सकाळी मी आत वस्तऱ्याला तेल लावत होतो आणि बापू बाहेर ओट्यावर बसले होते. रस्त्यानं बैल हाकत मंठ्याचा तो व्यापारी चालला होता, दरसाल येतो तो. त्याला काही कळलेलं नव्हतं. लांबून त्याला बापूंचा उघडा ओठ दिसला असावा, आणि म्हाताऱ्यानं आता हे काय नवं सोंग काढलं म्हणून तो हसतच ओरडला, "बापू! कोण गेलं?"

माझा हात थांबला. बापूंचं ते नेहमीचं उत्तर येतं की काय, ह्या भीतीनं मी उठून दारापर्यंत गेलो. बापूंचं बोट सवयीनं ओठावर गेलं होतं. तिथं काही नव्हतं. त्यांनी ते बोट खाली घेतलं.

"थोरला गेला," ते म्हणाले. "ह्या खेपेला खरं हाये."